आकडा वाटेत बदलतो, ताळा टोकाला करा

जळगाव जिल्ह्यातल्या पहूरच्या फाट्यावर चहा घ्या, गाडीचे पंक्चर काढून घ्या किंवा पेठेतून बियाणे आणा. पैसे देताना क्यूआर कोडचा कागद समोर येतोच. आपल्याकडच्या उन्हात तो लवकर फिका पडतो. एखादा कोपरा सुटतो, वर चहाचा ओघळ वाळतो, कोणी त्यावर पेनाने मोबाइल नंबर खरडून ठेवतो. तरीही फोन धरला की दुकानदाराचे नाव बिनचूक उमटते. मजकुराचा काही भाग पुसला गेलेला असताना फोनला तो पूर्ण कुठून मिळाला?

उत्तर कोडच्या आतच आहे. दुकानदाराचे नाव आणि खात्याचा पत्ता जेवढ्या जागेत मावला असता, त्याहून पुष्कळ जास्त काळे-पांढरे चौकोन त्यात मुद्दाम भरलेले असतात. हे जादा चौकोन मूळ मजकुरावरूनच गणिताने काढलेले असतात. रीत आहे आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांची, १९६० सालची. क्यूआर कोड आला १९९४ मध्ये, जपानच्या डेन्सो कंपनीत, मासाहिरो हारा यांच्या गटाकडून. मोटारीच्या सुट्या भागांवर तेलाचे हात लागणार, डाग पडणार, हे धरूनच तो बनवला होता. त्यात दुरुस्तीच्या चार पातळ्या ठेवल्या आहेत: सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के मजकूर खराब झाला तरी उरलेल्यावरून तो परत उभा करता येतो. कित्येक कोडांच्या मधोमध कंपनीचे चिन्ह छापलेले असते, तेही याच सोयीच्या जोरावर. चिन्हाखाली झाकला गेलेला भाग फोन हिशेबाने भरून काढतो.

स्वतः करून पाहा. कोडच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून स्कॅन करा. बहुतेक वेळा तो वाचला जाईल. आता उरलेल्या तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांपैकी एक पूर्ण झाका. बहुतेक वेळा फोन नुसता चाचपडत राहतो. या तीन चौकोनांवरून तो कोड कुठे आहे आणि कोणत्या बाजूने धरला आहे हे ठरवतो, आणि त्यांना दुरुस्तीचे संरक्षण नाही. म्हणून दुकानदारांनी दोन गोष्टी पाळाव्यात. कागद फ्रेममध्ये किंवा काचेखाली लावताना ते तीन कोपरे उघडे राहतील असे पाहावे. आणि भोवतीची पांढरी किनार कापू नये. निदान चार लहान चौकोनांइतकी मोकळी जागा चारही बाजूंना लागते. कोड पुसट झाला असेल तर नवा मागवा, पण थोडा फाटला म्हणून धंदा थांबवायची गरज नाही.

मात्र हे गणित अपघाताने झालेली चूक दुरुस्त करते. कोणी रात्रीतून तुमच्या कागदावर स्वतःचा कोड चिकटवून गेला, तर तो कोडही तितकाच बिनचूक वाचला जाईल. पैसे देणाऱ्याने पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचावे आणि दुकानदाराने हो म्हणावे, एवढी सवय गावात पडली तरी बरेच काही साधेल.

हा लेख सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी आहे, दुकानात यूपीआय घेणाऱ्यांसाठी, पतसंस्थेत किंवा ग्रामपंचायतीत संगणकावर नोंदी करणाऱ्यांसाठी, आणि घरी ब्रॉडबँड आलेल्या सगळ्यांसाठी. माझे सांगणे एकच आहे. संगणकाच्या जाळ्यात प्रत्येक टप्प्यावर चूक पकडण्याची सोय असते, पण प्रत्येक टप्पा आपल्यापुरतेच पाहतो. दोन टप्प्यांच्या मध्ये आणि दोन्ही टोकांवर जे बिघडते ते कोणाच्याच हद्दीत येत नाही. तिथला ताळा आपल्यालाच करावा लागतो.

कपाशी लावताना तूट भरून काढायच्या दोन रीती आपल्याला ठाऊक आहेत. एका जागी दोन बिया टोबायच्या, म्हणजे एक रुजली नाही तरी दुसरी उभी राहते. नाहीतर आठ-दहा दिवसांनी वावरात फिरून जिथे रोप आले नाही तिथे नांग्या भरायच्या. जाळ्यांतही याच दोन रीती आहेत. जादा माहिती आधीच पाठवून ठेवायची, म्हणजे घेणारा स्वतःच दुरुस्ती करतो. किंवा फक्त चूक ओळखण्यापुरता ताळा जोडायचा आणि चूक आढळली की तेवढाच तुकडा परत मागवायचा. दुसरी रीत स्वस्त, पण तिला उलट वाट लागते. घराच्या गच्चीवरच्या डीटीएचच्या छत्रीला उपग्रहाकडे 'एवढे परत पाठव' असे सांगता येत नाही. तिथे पहिलीच रीत चालते.

या पहिल्या रीतीत आपल्या माणसांचा वाटा मोठा आहे आणि तो शाळा-कॉलेजांत पुरेसा सांगितला जात नाही, याचे मला वाईट वाटते. राजचंद्र बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्र राय-चौधुरी यांनी १९६० मध्ये दुरुस्तीच्या संकेतांचे एक घराणे शोधले. फ्रेंच गणितज्ञ ऑकेंगेम यांना तेच १९५९ मध्ये स्वतंत्रपणे सापडले होते. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला बीसीएच म्हणतात. हाय-डेफिनिशन वाहिन्यांसाठी वापरतात त्या डीव्हीबी-एस२ पद्धतीत शेवटची राहिलेली चूक टिपायला बीसीएचच आहे. क्यूआर कोडच्या कोपऱ्यालगतच्या बारीक पट्टीतही, जिथे कोडची पातळी लिहिलेली असते, तोच संकेत आहे. आणि बोस यांच्याबरोबर १९५९ मध्ये संकेतांच्या रचनेवर निबंध लिहिणारे होते शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म सागरचा, शिक्षण नागपूरला, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख. त्याच वर्षी बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी गणितज्ञ ऑयलर यांचे १७८२ पासून चालत आलेले अनुमान खोटे ठरवले आणि न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. त्या १९५९ च्या निबंधात हॅडमार्ड सारण्या आणि चूक दुरुस्त करणारे संकेत यांचे नाते मांडले आहे. याच कुळातला संकेत घेऊन १९७१ मध्ये मरिनर ९ हे यान मंगळाच्या कक्षेतून छायाचित्रे पाठवत होते. चित्रातल्या एका ठिपक्याची छटा सांगायला सहा बिट पुरतात. यान त्यासाठी ३२ बिट पाठवी. त्यांतले सात उलटले तरी पृथ्वीवर मूळ छटा बिनचूक मिळत असे.

मोबाइलमध्ये दोन्ही रीती एकत्र चालतात. ४जी मध्ये टॉवरकडून आलेला तुकडा आधी जादा माहितीच्या आधाराने दुरुस्त करून पाहतात. नाही जमले तर तो टाकून देत नाहीत. सांभाळून ठेवतात, परत मागवतात आणि दोन्ही प्रती एकमेकींवर ठेवून वाचतात. हा सगळा फेरा साधारण आठ मिलिसेकंदांत होतो. फोनवर एक काडी दिसत असतानाही निरोप पोचतो तो यामुळे. पण प्रत्येक दुरुस्तीला जागा लागते आणि ती तुमच्या वेगातूनच जाते. घराच्या मधल्या खोलीत नेट रेंगाळते, खिडकीशी नेले की धावते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते.

आता दुसऱ्या रीतीकडे, म्हणजे ताळ्याकडे. जुन्या पिढीने शाळेत नऊचा ताळा केलेला आहे. गुणाकार झाला की अंकांची बेरीज करून बाकी जुळवायची. जुळली नाही तर कुठेतरी चुकले. संगणकाचे ताळे याच जातीचे आहेत. नऊच्या ताळ्यातली उणीव मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: ६३ च्या जागी ३६ लिहिले तरी तो जुळतो. बेरजेला अंक कळतात, त्यांचा क्रम कळत नाही.

क्रमही कळावा म्हणून काय करतात ते पाहायचे तर जळगाव, पाचोरा किंवा भुसावळला उभ्या मालगाडीच्या वाघिणीवरचा नंबर वाचा. हा नंबर अकरा अंकी असतो. पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचे वर्ष, त्यापुढचे चार तिचा स्वतःचा क्रमांक. अकरावा अंक ताळ्याचा. उदाहरणाला ३१२०१५४१६८ हा बनवलेला नंबर घेऊ. दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा अंक मिळवा: १, ०, ५, १, ८ यांची बेरीज १५. तिला तीनने गुणा, ४५. उरलेले ३, २, १, ४, ६ मिळवा, १६. एकूण ६१. पुढच्या दहाच्या पाढ्यातल्या आकड्याला, म्हणजे ७० ला पोचायला ९ हवेत. अकरावा अंक ९.

आता लिहिणाऱ्याने मधल्या ५४ चे ४५ केले असे समजा. हिशेब ५९ वर येतो, ताळ्याचा अंक १ निघतो, नंबरात तर ९ आहे. चूक सापडली. तीनने गुणण्याचा उपयोग हा. पण त्याच नंबरातल्या १६ चे ६१ झाले तर? बेरीज ७१, पुढचा आकडा ८०, फरक पुन्हा ९. चूक सुटली. शेजारच्या दोन अंकांत पाचचा फरक असला की ही रीत आंधळी होते. बिस्किटाच्या पुड्यावरच्या तेरा अंकी बारकोडला आणि पुस्तकाच्या तेरा अंकी आयएसबीएनलाही हाच हिशेब लावतात, तेव्हा घरी बसून मुलांकडून करून घ्यायला हरकत नाही.

आधारचा ताळा याहून पक्का आहे. बारा अंकांतला शेवटचा अंक जेकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञाच्या १९६९ मधल्या रीतीने काढलेला असतो. कोणताही एक अंक चुकला किंवा शेजारचे कोणतेही दोन अंक उलटले, तर तो पकडतोच. सेवा केंद्रात आधार टाइप करताना 'अवैध क्रमांक' असे लाल अक्षरांत येते तेव्हा सर्व्हर बिघडला असे समजून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. कार्डाशी एकेक अंक लावून पाहा. पॅनचे शेवटचे अक्षर आणि जीएसटी क्रमांकाचे पंधरावे स्थानही ताळ्याचेच आहे.

आणि मोबाइल नंबर? त्यात ताळा नाही. एक अंक चुकला की तो दुसऱ्या कोणाचा तरी खरा नंबर होतो, आणि ओटीपी, विम्याचा निरोप, अनुदानाचा संदेश तिकडे जातो. बँक खात्याच्या क्रमांकाला देशभर लागू असा ताळा नाही. प्रत्येक बँकेची रचना वेगळी. त्यात एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे जमा होतात ते केवळ खाते क्रमांकावर, नाव जुळते का हे पाहून नाही. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच हे स्पष्ट केले आहे. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये तिने बँकांना सांगितले की १ एप्रिल २०२५ पर्यंत पाठवणाऱ्याला खातेदाराचे नाव आधी दिसेल अशी सोय द्यावी. ती सोय दिसली तर प्रत्येक वेळी वापरा. नसेल तर नव्या खात्यावर आधी एक रुपया पाठवा, मिळाल्याची खात्री करा, मग उरलेले पाठवा. पीकविम्याचा अर्ज भरताना गट नंबर, मोबाइल आणि खाते क्रमांक या तीन रकान्यांवर जास्त वेळ द्या, कारण तिथे संगणक तुम्हाला अडवेलच असे नाही.

टाइप करण्याआधीची एक चूक तोंडातून होते. मराठीत आपण 'त्रेसष्ट' म्हणतो, तीन आधी आणि साठ मागून, आणि ऐकणारा घाईत ३६ लिहून मोकळा होतो. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचीही गल्लत होते. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ मध्ये 'साठ तीन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा पुष्कळ वाद झाला. मुलांनी काय शिकावे याबद्दल मतभेद असू द्या. नंबर सांगायच्या कामात मात्र मला ती रीतही अपुरी वाटते. एकेक अंक सुटा सांगावा, चार-चारच्या गटात सांगावा, आणि लिहिणाऱ्याने वाचून दाखवावा. वाचून दाखवणे हाच ताळा आहे. त्यावाचून अर्ज पुढे पाठवू नये.

हे झाले माणसांचे. तारेतून जाणाऱ्या माहितीलाही ताळे असतात, एकावर एक. कॉम्प्युटरला लावलेल्या लॅन केबलमधून निघणाऱ्या प्रत्येक तुकड्याच्या शेपटीला ३२ बिटांचा ताळा असतो, त्याला सीआरसी म्हणतात. अख्खा तुकडा एक प्रचंड संख्या मानून ठरलेल्या भाजकाने भागायचे आणि बाकी जोडून द्यायची. पलीकडचे यंत्र तोच भागाकार करते. सलग ३२ बिटांपर्यंतचा कोणताही बिघाड यातून सुटत नाही. त्याहून लांब, वेडावाकडा बिघाड सुटायची शक्यता चार अब्जांत एखादी. बाकी जुळली नाही तर यंत्र तो तुकडा फेकून देते आणि कोणालाही कळवत नाही.

कळते ते वरच्या थराला, टीसीपीला. तो प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतो, पोच मागतो, पोच आली नाही तर पुन्हा पाठवतो. तुमच्या पडद्यावर चूक कधी दिसत नाही, फक्त वेळ लागतो. इथे एक गैरसमज आहे आणि तो यंत्राचा आहे: तुकडा हरवला की पारंपरिक टीसीपीला वाटते रस्त्यावर गर्दी झाली, म्हणून तो वेग कमी करतो. खरे कारण सैल पिन असली तरी तो तसेच करतो. परिणाम किती? सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याला ५० मिलिसेकंद लागत असतील आणि शंभरांत एकच तुकडा हरवत असेल, तर अशा एका जोडणीला सेकंदाला सुमारे तीन मेगाबिट मिळतात, मग योजना शंभर मेगाबिटची का असेना. नव्या रीतीचे टीसीपी थोडे बरे निभावतात, पण तारेतला दोष राहू देऊन मोठी योजना घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

म्हणून कंपनीला फोन करण्यापूर्वी दोष घरात आहे की बाहेर, एवढे शोधा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग ही आज्ञा राउटरच्या पत्त्यावर शंभर वेळा चालवा. पत्ता राउटरच्या पाठीवर लिहिलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर हरवलेल्यांची संख्या शून्य यायला हवी. एक-दोन जरी हरवले तरी दोष तुमच्या हद्दीत आहे. शून्य आले तर तीच आज्ञा बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर चालवा. तिथे हरवत असतील तर मग तक्रार करा आणि दोन्ही निकाल सांगा. नुसते 'नेट स्लो आहे' म्हणणाऱ्यापेक्षा तुमचे ऐकले जाण्याची शक्यता जास्त.

घरातला दोष बहुतेक वेळा केबलच्या टोकाशी असतो. लॅन केबलमध्ये पिळलेल्या चार जोड्या असतात. गिगाबिट वेगाला चारही लागतात. एक जोडी तुटली की यंत्रे मुकाट्याने शंभर मेगाबिटवर उतरतात. मोठी योजना असून वेग चाचणीत आकडा ९४-९५ च्या पुढे सरकतच नसेल तर टोक पुन्हा क्रिम्प करून घ्या. पिळा शेवटपर्यंत ठेवायला सांगा. जोड्या लांबवर उलगडल्या की शेजारची गडबड आत शिरते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल घेऊ नका. एका सलग केबलची मर्यादा शंभर मीटर आहे, ती गोदामापर्यंत ओढताना ओलांडू नका. जिनिंगमध्ये, पिठाच्या गिरणीत, बोअरच्या स्टार्टरजवळ लॅनची केबल विजेच्या तारेला समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. गच्चीवरून नेलेली साधी केबल आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते. बाहेर वापरायची काळ्या आवरणाची केबल घ्या किंवा पाइपातून न्या.

फायबर असेल तर विजेच्या गडबडीचा प्रश्न मिटतो, पण वाकण्याचा उरतो. कपाटामागे तो काटकोनात मोडलेला नसावा. टोकाला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा प्रकाश अडवतो. मोडेमच्या पानावर येणारा प्रकाश डीबीएममध्ये दिसतो. साधारण उणे आठ ते उणे सत्तावीस यांच्या मधला आकडा हवा. उणे सत्तावीसच्या जवळ गेला असेल तर नेट चालेल, पण ताळे चुकू लागतील. लाल दिवा लागण्याची वाट न पाहता लाइनमनला दाखवा.

इतके ताळे असताना मजकूर बिघडू शकतो का? बिघडतो, आणि त्याचा एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. जेरोम सॉल्त्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क या एमआयटीच्या तिघांनी १९८४ च्या निबंधात तो सांगितला आहे. अनेक जाळी जोडणाऱ्या एका व्यवस्थेत प्रत्येक टप्प्यावर तुकड्याला ताळा होता. मधल्या एका यंत्रात बिघाड झाला: आलेला तुकडा एका जागेतून दुसरीकडे ठेवताना, दहा लाख बाइटांमागे एखाद्या वेळी, दोन बाइटांची अदलाबदल होई. येताना ताळा जुळला होता. जाताना यंत्र नवा ताळा काढी, बिघडलेल्या मजकुराचा, म्हणून तोही जुळे. एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइली त्या यंत्रातून कितीदा तरी गेल्या, आणि शेवटी माणसांना जुने छापील कागद काढून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागली. २००० साली जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी चालत्या जाळ्यांवर तपासले तेव्हाही १,१०० ते ३२,००० तुकड्यांमागे एकाचा टीसीपीचा ताळा चुकत होता, जरी खालच्या थरातल्या सीआरसीने तो बरोबर म्हणून पुढे सोडला होता. टीसीपीचा ताळा तर १६ बिटांची बेरीज आहे. सोळा-सोळा बिटांचे गट जागा बदलून बसले तर नऊच्या ताळ्यासारखा तोही काही बोलत नाही.

यावरून फाइलींसाठी एक साधी सवय लावून घ्या. पतसंस्थेचा डेटा, लग्नपत्रिकेची छपाईची फाइल, शाळेचे निकाल, जे काही पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलने पाठवायचे ते आधी झिप करा. जागा वाचते हा दुय्यम फायदा; झिपमध्ये प्रत्येक फाइलीचा सीआरसी आपोआप जोडला जातो आणि तो टोकापासून टोकापर्यंत सोबत राहतो. उघडताना 'सीआरसी एरर' आली तर समजा की वाटेत, पेन ड्राइव्हमध्ये किंवा कॉपी करताना बिघडले, परत मागवा. बॅकअप घेतल्यावर झिप एकदा उघडून पाहिल्याशिवाय मूळ डेटा पुसू नका. आणि पेन ड्राइव्ह ओढून काढू नका, इजेक्ट करा. अर्धवट लिहिलेल्या फाइलीला कोणताही ताळा पूर्ण करू शकत नाही.

शेवटी यूपीआयमधले 'पेंडिंग'. इथे सर्वांत जास्त माणसे गोंधळतात. कित्येकदा तुमचे पैसे वळते झालेले असतात, पण झाल्याची पोच वाटेत हरवलेली असते. पाठवणाऱ्याला दोन शक्यता सारख्याच दिसतात: निरोप पोचला नाही, किंवा पोचला पण पोच आली नाही. टीसीपी अशा वेळी तोच तुकडा त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवतो, म्हणून पलीकडच्याला दुहेरी आलेला ओळखता येतो आणि तो टाकून देतो. तुम्ही ॲपमध्ये पुन्हा रक्कम टाकून पिन मारला तर मात्र तो नवा व्यवहार, नवा क्रमांक. त्याला दुहेरी म्हणून कोणी ओळखणार नाही; दोन्ही वेळचे पैसे जातील. तेव्हा दुकानातल्या डब्याने आवाज दिला नाही तर आधी व्यवहारांच्या यादीत स्थिती पाहा. 'फेल' असे स्पष्ट आल्याशिवाय दुसऱ्यांदा पाठवू नका. गर्दीत थांबणे जमत नसेल तर रोख द्या आणि दुकानदाराला व्यवहाराचा क्रमांक दाखवून ठेवा.

पैसे कापले गेले आणि पलीकडे मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे माणसाला पाठवलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानाला दिलेली पाच दिवसांपर्यंत आपोआप परत आली पाहिजे. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती मागावी लागू नये असे त्यात म्हटले आहे. नाही आली तर ॲपमध्ये तक्रार टाका, मग बँकेत लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी त्यांचा फोन १४४४८. तक्रारीत बारा अंकी संदर्भ क्रमांक लागतो. तो ॲपमधून कॉपी करून चिकटवा, कागदावर उतरवून पुन्हा टाइप करू नका. फोनवर सांगायची वेळ आली तर चार-चार अंकांचे तीन गट करा, एकेक अंक सांगा आणि समोरच्याकडून तो वाचून घ्या.